सत्तर मेल आणि चार छापील उत्तरं

प्रिय ताई,

माझी मुलगी ठाण्यात अकरावी सायन्सला आहे. दुसरीपासून पोहते. ब्रेस्ट स्ट्रोक तिचा मुख्य प्रकार. २०० मीटरमध्ये स्टेटला दोनदा मेडल आहे, टायमिंग २:४८. तिला अमेरिकेत शिकायचंय आणि पोहणंही सोडायचं नाहीये. गेल्या दोन महिन्यांत मी तिच्या वतीने तिकडच्या ७० कॉलेजांच्या कोचना मेल पाठवला, सगळी प्रमाणपत्रं स्कॅन करून जोडली. चार ठिकाणांहून ‘आमचा फॉर्म भरा’ असं छापील उत्तर आलं, एकाने उन्हाळी कॅम्पची जाहिरात पाठवली, बाकी शांतता. एक एजन्सी म्हणते, तीन लाख द्या, कोचशी आम्ही बोलतो. माझा मोठा भाऊ म्हणतो, तिकडे गेलं की खेळ संपतोच, कशाला खटाटोप? माझा मेल सोबत जोडतोय. चूक कुठे होतेय ते सांगा.

— एक बाबा, ठाणे

नमस्कार,

तुमचा मेल वाचताना मला शाळेतलं अर्जलेखन आठवलं. प्रति, माननीय अमुक. विषय: तमुक मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून... तुमच्या मेलचा विषयही ‘शिष्यवृत्ती मिळणेबाबत’ असाच आहे, फक्त इंग्रजीत. मग ‘रिस्पेक्टेड सर’, मग मुलीचं संपूर्ण नाव, जन्मतारीख, शाळेचा पत्ता, पाचवीतल्या आंतरशालेय स्पर्धेपासूनची बक्षिसं ओळीने, आणि शेवटी ‘काइंडली डू द नीडफुल’. २:४८ हा आकडा मला चौथ्या परिच्छेदात सापडला, तोही ‘एक्सलंट टायमिंग’च्या मागे दडलेला.

अर्ज कार्यालयाला करायचा असतो. तिथे आवक क्रमांक पडतो आणि कुणीतरी तो वाचायला बांधील असतं. कॉलेजची कोच तशी बांधील नाही. ती पहाटे तलावाच्या काठावर उभी असते, दुपारी पुन्हा तिथेच, आणि मधल्या वेळात फोनवर मेल चाळते. मुलगी बारावी कधी होणार, काय पोहते, किती वेळात पोहते, एवढं तिला मेल न उघडता, नुसत्या विषयाच्या ओळीवरून कळलं पाहिजे. ‘एक्सलंट’ आहे की नाही ते ती ठरवेल. आकडा दिलात की विशेषणाची गरजच उरत नाही.

पण ही दुरुस्ती वरवरची झाली. मोठी अडचण ही आहे की मेल तुम्ही लिहिलाय. ‘माय डॉटर’ने सुरुवात आहे आणि तो तुमच्या ऑफिसच्या आयडीवरून गेलाय. कोचला चार वर्षं तुमच्याबरोबर काढायची नाहीत, तुमच्या मुलीबरोबर काढायची आहेत. सोळा-सतरा वर्षांची मुलगी स्वतःसाठी चार ओळी लिहू शकत नसेल, तर घरापासून इतक्या दूर परीक्षा, आजारपण आणि पराभव ती कशी निभावणार, असा प्रश्न कोचला पडतो आणि ती पुढच्या मेलकडे वळते. आपल्याकडे वडिलांनी पुढाकार घेणं म्हणजे माया. तिकडच्या कोचला त्यात धोक्याची खूण दिसते. तुमची चूक म्हणून हे सांगत नाहीये, दोन्हीकडच्या रीती वेगळ्या एवढंच.

मीही हेच केलंय, म्हणून जरा हक्काने सांगते. माझ्या भाचीच्या वेळी मी एक ‘उत्तम’ मेल तयार केला आणि कॉलेजचं नाव तेवढं बदलून पाठवत बसले. रात्री साडेबाराला एका कोचला भलत्याच कॉलेजचं नाव गेलं. तिचं उत्तर मात्र आलं, दोनच ओळींचं: त्या कॉलेजसाठी तुम्हाला मनापासून शुभेच्छा. भाची आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. त्यानंतर मेल तिने लिहिले, शुद्धलेखन मी तपासलं, आणि मग कुठे उत्तरं यायला लागली.

तर तुमच्याकडे दोन कामं राहतात: कॉलेजं शोधायला मदत करायची आणि पैशांचा हिशेब मांडायचा. ती दोन्ही कामं मोठी आहेत.

आधी कॉलेजांचं. तुमच्या सत्तरच्या यादीत मला टीव्हीवर दिसणारी सगळी नावं दिसली. एनसीएए ही तिकडच्या कॉलेज खेळांची मुख्य संस्था. तिचे तीन विभाग आहेत, आणि मिळून हजाराहून जास्त कॉलेजं. पहिल्या विभागात मोठी विद्यापीठं, खेळासाठीची शिष्यवृत्ती आणि ऑलिंपिकपर्यंत जाणारे पोहणारे. दुसऱ्यातही शिष्यवृत्ती आहे, पण प्रमाण कमी. तिसऱ्या विभागात खेळासाठी एक डॉलरही मिळत नाही, आणि तोच सगळ्यात मोठा विभाग आहे, चारशेहून जास्त कॉलेजांचा. आयव्ही लीगमधली हार्वर्ड, येल वगैरे पहिल्या विभागात असूनही खेळाची शिष्यवृत्ती देत नाहीत, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं. तिसरा विभाग म्हणजे दुय्यम पोहणं, असंही समजू नका. ओहायोतल्या केनियन कॉलेजच्या मुलांनी त्या विभागाचं विजेतेपद १९८० ते २०१० अशी सलग ३१ वर्षं राखलं होतं.

आता तुमची लेक यात कुठे बसते? तिकडची कॉलेजं २५ यार्डांच्या तलावात पोहतात. आपल्याकडचा स्पर्धेचा तलाव ५० मीटरचा. २०० यार्ड म्हणजे जेमतेम १८३ मीटर, शिवाय भिंती जास्त, आणि प्रत्येक भिंतीला ढकलून वेग मिळतो. तिच्या २:४८ चे यार्डांत ढोबळमानाने २:२७ ते २:२८ होतात. हा आकडा घेऊन एकेका कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या साइटवर जा. तिथे संघाची यादी असते, कोण कितव्या वर्षाला आहे तेही असतं. प्रत्येक संघ एका कॉन्फरन्समध्ये असतो, म्हणजे सात-आठ-दहा कॉलेजांचा गट, आणि त्यांची मुख्य स्पर्धा साधारण फेब्रुवारीत होते. त्या स्पर्धेचे निकाल उघडा आणि २०० ब्रेस्टच्या रकान्यात २:२७ कुठे येतं ते बघा. फायनलच्या आसपास येत असेल तर ते कॉलेज यादीत ठेवा. शेवटच्या मुलीपेक्षाही पाच सेकंद मागे असेल तर नाव कितीही मोठं असो, काट मारा. कोचही नेमकं हेच करते: ही मुलगी आली तर कॉन्फरन्सला मला गुण मिळतील का? पहिल्या विभागातल्या बड्या संघांत आज तिला जागा नाही, हे मी स्पष्टच सांगते. तिसऱ्या विभागात बऱ्याच ठिकाणी आहे, आणि वेळ चार-पाच सेकंदांनी उतरली तर दारं आणखी उघडतील. स्विमक्लाउड नावाच्या साइटवर कॉलेजच्या पोहणाऱ्यांच्या वेळा एकत्र सापडतात. एक शनिवार-रविवार बापलेकीने बसलात तर सत्तरची यादी वीस-पंचवीसवर येईल.

पहिल्या विभागात आणखी एक उलथापालथ झालीय. आधी मुलींच्या पोहण्यासाठी एका संघाला १४ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, आणि त्या तुकडे करून वाटल्या जायच्या. २०२५ साली न्यायालयात मंजूर झालेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारलेल्या विद्यापीठांमध्ये शिष्यवृत्तीची मर्यादा गेली आणि तिच्या जागी संघाच्या आकाराची मर्यादा आली: पोहणं आणि डायव्हिंग मिळून ३०. म्हणजे ‘पैसे नकोत, नुसतं संघात घ्या’ ही पूर्वीची वाटही तिथे अरुंद झाली.

पैशांचं कडू बोलून टाकते. तिकडच्या बऱ्याच खासगी कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च ८०,००० डॉलरच्या पुढे जातो. तिसऱ्या विभागात तो कमी होतो तो मार्कांवर मिळणाऱ्या मदतीने किंवा घरच्या उत्पन्नाकडे बघून दिलेल्या मदतीने, आणि दुसऱ्या प्रकारची मदत परदेशी मुलांना सगळीकडे मिळत नाही. अ‍ॅम्हर्स्ट, बोडन, एमआयटी अशी मोजकी ठिकाणं परदेशी मुलांच्याही प्रवेशाचा निर्णय घेताना पैशांची ऐपत बघत नाहीत. ही तिन्ही तिसऱ्या विभागातली, आणि तिन्हीत प्रवेश मिळणं महाकठीण. म्हणून तुमच्या घरी आजच एक आकडा ठरवा: वर्षाला आपण जास्तीत जास्त किती देऊ शकतो. पहिल्या मेलमध्ये तो लिहायचा नाही. पण कोचशी दुसऱ्या-तिसऱ्यांदा बोलणं झालं की मुलीने तो न लाजता सांगायचा. तिथे त्यात कुणाला वावगं वाटत नाही, उलट दोघांचाही वेळ वाचतो.

पुढचं मात्र लेकीला वाचायला द्या. मी तिच्याशीच बोलते.

बाळा, आधी स्वतःच्या नावाचा साधा मेल आयडी काढ. नाव, आडनाव, बस्स. जलपरी वगैरे नको. रोज उघडायचा, स्पॅमसकट. मग प्रत्येक कॉलेजच्या साइटवर कोचच्या नावाजवळ नवीन खेळाडूंसाठी एक फॉर्म असतो, तो भर. बाबांना चार ठिकाणांहून तोच भरायला सांगितलं होतं. तो भरला की तुझं नाव त्यांच्या यादीत जातं. मग मेल. मुख्य कोचला लिही आणि नवीन मुली शोधायचं काम ज्या सहायक कोचकडे असेल तिलाही त्यातच ठेव. साइटवर दोघींचे पत्ते असतात. एका मेलमध्ये एकच कॉलेज. संबोधन ‘कोच’ आणि पुढे आडनाव, सर-मॅडम काही नाही. बाबांच्या यादीतल्या निदान दहा कोच बायका होत्या आणि त्यांना ‘सर’ म्हणून मेल गेलाय, ते जाऊ दे.

मजकूर इंग्रजीत, तुझ्या भाषेत लिही. जड शब्द शोधू नकोस. सांगाडा साधारण असा:

विषय: २०२७ – २०० ब्रेस्ट २:४८.३ लाँग कोर्स – तुझं नाव – ठाणे, भारत

कोच अमुक,

मी ठाण्यात अकरावीत आहे, मे २०२७ मध्ये माझी बारावी पूर्ण होईल. ब्रेस्ट स्ट्रोक हा माझा मुख्य प्रकार. ५० मीटर तलावातल्या माझ्या वेळा: १०० ब्रेस्ट १:१८.१, २०० ब्रेस्ट २:४८.३, २०० आय.एम. २:३७.५. दोन वर्षांपूर्वी माझी २०० ची वेळ २:५६ होती.

फेब्रुवारीतल्या तुमच्या कॉन्फरन्सच्या निकालात २०० ब्रेस्टच्या फायनलमध्ये तुमच्या दोन मुली होत्या आणि त्यातली एक आता शेवटच्या वर्षाला आहे, असं मला दिसलं. मला बायॉलॉजी शिकायचंय. दुपारी लॅब असलेल्या मुली तुमच्याकडे सराव कसा सांभाळतात, हे जाणून घ्यायला आवडेल.

दहावीला मला ९२ टक्के होते. सॅट ऑगस्टमध्ये देणार आहे. माझ्या स्पर्धांचे अधिकृत निकाल आणि टर्नचा ४० सेकंदांचा व्हिडिओ या दोन लिंकवर आहे.

२०२७ च्या तुकडीसाठी तुम्ही ब्रेस्ट स्ट्रोकच्या मुली शोधताय का?

खाली तुझं नाव, व्हॉट्सअ‍ॅप नंबर ९१ सकट, तुझ्या इथल्या कोचचं नाव आणि मेल. संपलं. (बाबांसाठी: आय.एम. म्हणजे चारही प्रकार एकत्र पोहायची शर्यत, आणि सॅट म्हणजे तिकडच्या कॉलेज प्रवेशाची परीक्षा.) आकडे मी मनाने घातलेत, तू तुझे खरे घाल. शंभरावा हिस्सासुद्धा इकडचा तिकडे करू नकोस, निकाल त्यांना शोधता येतात.

यातली दोन-तीन ठिकाणं जरा समजून घे. २०२७ हा आकडा सगळ्यात आधी आहे, कारण ‘इलेव्हन्थ स्टँडर्ड, एचएससी बोर्ड’ यावरून त्यांना काही बोध होत नाही. त्यांचा सगळा हिशेब बारावी संपण्याच्या वर्षावर चालतो. ‘लाँग कोर्स’ म्हणजे ५० मीटरचा तलाव. ते लिहायला विसरलीस तर २:४८ ही वेळ यार्डांतली समजली जाईल आणि तिथेच खेळ खलास. स्वतः यार्डांत बदलून मात्र पाठवू नकोस, ते त्यांचं ते करतात. दोन वर्षांपूर्वीची वेळ घातली, कारण कोच नुसती वेळ बघत नाही, ती कुठून कुठे चाललीय ते बघते. २:५६ वरून २:४८ ला आलेली मुलगी तीन वर्षं २:४६ वर अडकलेल्या मुलीपेक्षा तिला जास्त आवडू शकते.

आणि कॉन्फरन्सच्या निकालाचं ते वाक्य. मेल लिहायला जेवढा वेळ लागेल त्यातला निम्मा त्या एका वाक्यावर जाऊ दे. ‘तुमचं कॉलेज जगप्रसिद्ध आहे आणि तुमच्या मार्गदर्शनाखाली पोहणं हे माझं स्वप्न आहे’ हे सत्तर जणांना पाठवता येतं, म्हणून त्याला किंमत नाही. जे एकालाच पाठवता येतं तेच लिहायचं. काही सापडत नसेल तर कदाचित ते कॉलेज तुला खरंच नकोय. तसं असेल तर नाव खोडून टाक.

व्हिडिओबद्दल. पोहण्यात घड्याळच बोलतं, त्यामुळे संगीत घातलेली फिल्म नको. पण ५० मीटरच्या तलावात २०० मीटरला तीनच टर्न येतात, तिकडे २०० यार्डांना सात. म्हणजे तुझी निम्मी शर्यत भिंतीवरून ढकललेली असणार. ब्रेस्ट स्ट्रोकवालीला तर प्रत्येक भिंतीनंतर पुलआउट, म्हणजे पाण्याखालचा एक लांब हात, मिळतो. तुझे टर्न आणि पुलआउट चांगले असतील तर यार्डांत तू ढोबळ हिशेबापेक्षा वेगवान निघशील, आणि ते दाखवायला व्हिडिओ हवा. मैत्रिणीला काठावरून फोन आडवा धरायला सांग. स्टार्ट, दोन टर्न, वर येईपर्यंत. पाण्याखालचं शूटिंग जमलं तर उत्तम. प्रमाणपत्रांची पीडीएफ मात्र नको. बाबांची फाइल १४ एमबीची होती, ती कुणी उघडली असेल असं मला वाटत नाही.

संध्याकाळी सातला पाठव, सोमवार ते गुरुवार. तेव्हा तिकडे पूर्व किनाऱ्यावर सकाळचे साडेआठ-साडेनऊ वाजलेले असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये स्पर्धांची गर्दी असते, उत्तर उशिरा आलं तर मनाला लावून घेऊ नकोस. दोन-तीन आठवडे गेले की त्याच मेलखाली पुन्हा लिही, पण ‘माझा मेल मिळाला का’ एवढंच विचारायला नाही. नवी वेळ, सॅटचे गुण, परीक्षेचा निकाल, काहीतरी नवीन हातात असू दे. असं तीनदा करून काहीच आलं नाही तर पुढच्या कॉलेजकडे वळ.

उत्तर आलं की त्याचा अर्थ लावायला शिकावं लागतं. कॅम्पचं आमंत्रण हे बहुतेक वेळा सगळ्यांना जातं. ‘वेळा कळवत राहा’ म्हणजे आत्ता नाही, पण दार बंद नाही. ‘नववीपासूनच्या गुणपत्रिका पाठव’ असं आलं तर मात्र उठून बस, कारण आता प्रकरण खरं आहे. तिसऱ्या विभागातली बरीच कॉलेजं अर्जाच्या आधीच तुझे मार्क प्रवेश विभागाला दाखवून अंदाज घेतात. एक-दोन दिवसांत उत्तर दे. फोनवर किंवा व्हिडिओवर बोलायचं ठरलं तर तू बोल. बाबा दुसऱ्या खोलीत. तुझेही प्रश्न तयार ठेव: ब्रेस्टला सध्या किती मुली आहेत, पहिल्या वर्षाच्या मुली कॉन्फरन्सच्या संघात असतात का, दुखापत झाली तर काय होतं. आणि बारावीनंतर वर्षभर ड्रॉप घ्यायचा विचार असेल तर ते आधीच सांग, त्याचा खेळण्याच्या पात्रतेवर परिणाम होऊ शकतो.

आता पुन्हा बाबांकडे येते.

नियमाचंही सांगते, कारण धाकटी भावंडं असलेले वाचक विचारतात. पोहण्यासह बहुतेक खेळांत पहिल्या विभागातल्या कोचला दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत मुलांना वैयक्तिक उत्तर द्यायची परवानगीच नसते. नववीत पाठवलेल्या मेलला शांतता मिळाली तर त्यामागे हे असू शकतं. तिसऱ्या विभागात मेलवर तसं बंधन नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीत ती तारीख उलटून गेलीय, त्यामुळे खापर नियमावर फोडता येणार नाही. ज्या कॉलेजांशी बोलणं पुढे जाईल त्यांच्यासाठी एनसीएएच्या पात्रता केंद्रात नोंदणी लागते, परदेशी मुलांना तिसऱ्या विभागासाठीही. पहिल्या-दुसऱ्या विभागासाठी तिथे नववीपासूनचे १६ मुख्य विषय मोजतात. नववीची गुणपत्रिका माळ्यावर कुठल्या बॅगेत आहे ते आत्ताच बघून ठेवा.

एजन्सीला तीन लाख देऊ नका. सगळ्याच फसव्या असतात असं मी म्हणत नाही. पण त्यांचा माणूस जो मेल पाठवेल तो पन्नास मुलांसाठी पाठवत असतो, आणि कोचना तो साचा पाठ झालेला असतो. यादी करणं, निकाल बघणं, मेल लिहिणं, हे सगळं तुमच्या घरात होऊ शकतं. ते पैसे सॅटची फी, एक चांगली स्पर्धा आणि तिकडच्या एखाद्या कॉलेजला भेट द्यायला ठेवा.

राहिले तुमचे मोठे बंधू. महाराष्ट्राचीच ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून टेनिस खेळली आणि त्यानंतर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. उंच उडीतला तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटचा. २०१८ आणि २०२२ मध्ये त्याने एनसीएएचं विजेतेपद घेतलं आणि त्याच २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य. काहींचा खेळ तिकडे संपतो, काहींचा इथे दादर-ठाणे लोकलमध्येही संपतो. बंधूंना चहा द्या.

आणि ते पाठवून झालेले सत्तर मेल? त्यातल्या ज्या कॉलेजांचे आकडे तुमच्या लेकीशी जुळतात, त्यांना तिने खुशाल नव्याने लिहावं, स्वतःच्या आयडीवरून. जुना मेल कुणाच्या लक्षात नाही, ही त्यातल्या त्यात चांगली बातमी.